कुत्र्याचं पोट बिघडलं तर घरी किती थांबायचं, डॉक्टरांकडे कधी पळायचं?

सुभान्याचा_बाबा
मंडळी नमस्कार. राजारामपुरीत राहतो. आमचा सुभान्या अर्धा लॅब, अर्धा गावठी, वय ४ वर्षं, वजन २५ किलोच्या आसपास. लसी पूर्ण, जंताचं औषध वेळेवर. काल रात्रीपासून त्याला उलट्या आणि जुलाब चालू आहेत. उलटीत आधी अन्न पडलं, नंतर नुसता पिवळा फेस. शी पाण्यासारखी, रक्त दिसलं नाही. सकाळी पाणी प्यायला, पेपरवाल्यावर भुंकला, पण रोज शेपटी हलवत गेटपर्यंत पळतो तसा गेला नाही.

घरात जितकी माणसं तितके उपाय. बाबा म्हणतात दहीभात घाल. शेजारचे काका मेट्रोजिलची (माणसांच्या जुलाबावरची अँटिबायोटिक) अर्धी गोळी घेऊन दारात उभे. बहीण म्हणते आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. मला वाटतं की दर उलटीला दवाखाना गाठायची गरज नसते, पण थांबायचं कुठपर्यंत याचा अंदाज प्रत्येक पाळणाऱ्याला हवा. ज्यांनी बरीच वर्षं कुत्री सांभाळली आहेत त्यांनी सविस्तर लिहा. पुढे इतरांनाही उपयोग होईल.

पेठकर_भावा
भावा, काल रविवार. म्हंजे घरात मटण शिजलं असणार. सुभान्याच्या पोटात काय काय गेलंय ते आधी सांग, मग उपाय.

सुभान्याचा_बाबा
बरोबर ओळखलंत. पाहुणे होते. त्यांच्या पोरांनी लाडानं तांबड्या रश्शात भाकरी कुस्करून घातली. हाडकंही दिली असं आता समजतंय.

पेठकर_भावा
तर मग. कोल्हापुरात कुत्र्याचं पोट सोमवारी बिघडतंय, ह्ये आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंबी सांगंल. सोमवारी सकाळी गुरांच्या डॉक्टरकडं बघा जाऊन, निम्मी गर्दी रश्शाची असत्या.

पशुवैद्य_आजरा
पेठकर, तुमचं निदान पटलं.

सुभान्याचे बाबा, आधी आत्ता करायच्या गोष्टी. त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी आणि ओलसर असल्या तर चांगलं. बोटानं दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चिकट, कोरड्या लागल्या किंवा फिकट, पांढऱ्या, पिवळट दिसल्या तर इथलं वाचत बसू नका, गाडी काढा. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली पाहिजे. उभीच राहिली तर अंगातलं पाणी बरंच कमी झालंय. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०० ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. १०३.५ च्या वर गेलं तर दाखवायलाच हवं.

यात सगळं ठीक असेल, तो चालतोफिरतोय, पाणी पितोय आणि प्यायलेलं पोटात टिकतंय, तर धडधाकट मोठ्या कुत्र्याला घरी एक दिवस द्यायला हरकत नाही. उलट्या थांबेपर्यंत अन्न बंद, साधारण १० ते १२ तास. पाणी मात्र बंद करायचं नाही. पातेलंभर पाणी एकदम पुढ्यात ठेवलं की तो ढसाढसा पितो आणि परत ओकतो, म्हणून अर्ध्या तासानं थोडं थोडं द्या. उलटी थांबली की मऊ शिजवलेला भात दोन वाट्या आणि हाड-कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन एक वाटी, या प्रमाणात कालवा. मीठ, हळद, तेल काही नाही. त्यातलं मूठभर द्या, दोन तास बघा, टिकलं तर पुन्हा मूठभर. दिवसाकाठी चारपाच लहान जेवणं. शी घट्ट झाली की तीनचार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा.

आता हाडकं. शिजलेलं हाड चावताना त्याच्या धारदार कपच्या होतात. त्या घशात, आतड्यात रुततात किंवा भुगा होऊन गुदाशी दगडासारख्या अडकतात. कुत्रा जोर करतोय आणि काही पडत नाही, पोटाला हात लावू देत नाही, किंवा पाणीसुद्धा टिकत नाही, तर एक्सरे लागेल. आज संध्याकाळपर्यंत यावर नजर ठेवा.

सुभान्याचा_बाबा
मनापासून धन्यवाद, डॉक्टर. हिरड्या गुलाबी आहेत, ठिपका लगेच भरतोय. ताप १०१.८. सकाळपासून उलटी नाही. शेजारच्या काकांना गोळी परत दिली आहे.

मेडिकलचं_काउंटर
माझं लक्ष्मीपुरीत औषधांचं दुकान आहे, म्हणून गोळीबद्दल लिहितो. कुत्र्यासाठी जुलाब बंद करायची गोळी मागणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं तरी येतंच. मी देत नाही. लोपेरामाइडनं शी थांबते, पण आत विष किंवा जंतुसंसर्ग असेल तर तोही आतच कोंडला जातो. कोली जातीच्या काही कुत्र्यांमध्ये जनुकातल्या एका दोषामुळे हेच औषध थेट मेंदूपर्यंत पोहोचतं.

त्याहून वाईट म्हणजे पोटात दुखतंय म्हणून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. माणसाला चालणाऱ्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. मग काळी डांबरासारखी शी होते आणि लोक म्हणतात पोट अजून बरं झालं नाही, आणखी एक गोळी द्या. घरातल्या डब्यातलं काहीही कुत्र्याच्या तोंडात घालू नका. हात जोडून सांगतो.

पशुवैद्य_आजरा
काउंटर, तुमच्यासारखा दुकानदार प्रत्येक पेठेत हवा.

मेट्रोजिलचं सांगतो. साधे जुलाब बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवायच दोनतीन दिवसांत आटोक्यात येतात. त्यातलं औषध मेट्रोनिडाझोल, ते आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं. डोस फार झाला तर कुत्र्याचा तोल जातो, डोळे भिरभिरतात. काही आजारांत आम्ही ते देतो, पण वजन करून, तपासून.

बावड्याच्या_काकू
मी ६८ वर्षांची. लग्नाआधी आमच्या मळ्यात कायम कुत्री असायची. पोट बिघडलं की ताक नाहीतर दहीभात, दोन दिवसांत कुत्रं परत पाखरं हाकायला हजर. कुणी कधी एक्सरे काढला नाही, लस दिली नाही. तेव्हा असले रोगही नव्हते. डॉक्टरांचा मान राखून विचारते, दह्याला तुम्ही का वगळलं?

पशुवैद्य_आजरा
काकू, दही वाईट नाही. दूध पचवायला लागणारं एन्झाइम मोठ्या कुत्र्यात कमी असतं, दह्यात दुधातली साखर थोडी कमी झालेली असते, म्हणून बऱ्याच कुत्र्यांना दही सोसतं. ज्याला एरवी सोसतं त्याला चमचाभर साधं दही भातात चालेल. ज्याला कधी दिलंच नाही, त्याच्यावर आजारपणात नवा प्रयोग नको.

रोग नव्हते म्हणता तेही एका अर्थी खरं आहे. पार्वो हा कुत्र्यांचा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि तिथून एकदोन वर्षांत जगभर पसरला. तुमच्या मळ्यातल्या कुत्र्यांना तो माहीतच नव्हता. आज लस न दिलेल्या पिल्लाला जुलाब लागले आणि दहीभातावर दोन दिवस काढले, तर ते पिल्लू हाताशी राहत नाही.

बावड्याच्या_काकू
हे मला ठाऊक नव्हतं हो. नातवानं गेल्या महिन्यात पिल्लू आणलंय. लसीचं कार्ड आज काढून बघायला लावते.

गंगावेशीचा_नाना
दुधाचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या कट्ट्यावर पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला लोक येतात. एक जण रोज आपलं छोटं पॉमेरियन घेऊन यायचा आणि त्यालाही वाटीभर पाजायचा. पैलवानाला पचतं म्हणून! त्या बिचाऱ्याचा जुलाब थांबेना. शेवटी आम्हीच सांगितलं, पावणं, त्याला कुस्ती खेळायची नाही, वाटी तुम्हीच घ्या. दूध बंद झालं आणि कुत्रं सुधारलं.

पेठकर_भावा
नाना 😂 नाद खुळा.

नागाळा_पार्कची_मीरा
डॉक्टर, तांबड्या रश्शाचं काय? तिखट-तेलानं पोट बिघडतं हे कळतं, पण कांदा-लसणाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. आमच्याकडे तर रश्शाचा जीवच कांदा-लसूण मसाल्यात असतो.

पशुवैद्य_आजरा
मीराताई, बरं झालं विचारलंत. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात हे फार होतं.

कांदा, लसूण, पात या सगळ्या कुळातली काही द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात, मग त्या फुटायला लागतात. कच्चा असो, तळलेला असो, वाळवून पूड केलेला असो, शिजवल्यानं हा गुण जात नाही. साधारण किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसायला लागतो. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला चमचाभर रश्शानं काही होणार नाही. पण ५ किलोच्या पॉमेरियनला एक मध्यम कांदासुद्धा जास्त होतो. मसाल्यात कांदा-लसूण सुकवून, भाजून आटवलेला असतो, त्यामुळे वजन कमी आणि जोर जास्त. लसूण तर कांद्याहूनही तीव्र.

फसवणारी गोष्ट म्हणजे वेळ. उलटी-जुलाब पहिल्या दिवशी होतात आणि थांबतात. घरचे निश्चिंत होतात. पेशी फुटल्याचा परिणाम तीनचार दिवसांनी दिसतो. कुत्रा दमल्यासारखा होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची होते. म्हणून सुभान्याचं पोट उद्या बरं झालं तरी या आठवड्यात त्याच्या लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा.

आणखी एक. अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, तिखट नाही म्हणून लोक ती बिनधास्त कुत्र्याला घालतात. पण मटण शिजवतानाच त्यात कांदा, आलं-लसूण, मीठ गेलेलं असतं. कुत्र्याला मटण द्यायचंच असेल तर मसाला लावण्याआधी त्याच्या वाटणीचे चार बोटी तुकडे, चरबी काढून, वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात शिजवा.

नागाळा_पार्कची_मीरा
अळणीचं हे घराघरात सांगायला हवं. आमच्या आई गेली कित्येक वर्षं मोत्याची वाटी अळणीनं भरून आधी बाजूला ठेवतात, नंतर रस्सा करतात. त्यांच्या दृष्टीनं तो त्याचा मान आहे. त्याची वाटी आता कुकरच्या आधीच निघेल.

खिलारी_कागल
चरबीचंबी सांगा की डॉक्टर. आमच्याकडं जत्रंत बोकड पडलं की कातरलेली चरबी कुत्र्याम्होरं जात्या.

पशुवैद्य_आजरा
एकदम भरपूर चरबी खाल्ली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा सारखा ओकतो, पाठीला पोक काढून उभा राहतो किंवा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचं अंग वर ठेवतो. त्याचं पोट प्रचंड दुखत असतं. तो घरच्या भातावर बरा होत नाही, सलाईन आणि वेदनेचं औषध लागतं. दिवाळीत चिवडा-चकलीच्या डब्यात तोंड घातल्यावरही हे होतं. लाडवातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडाला धोका असतो, तो आणखी वेगळा.

श्वानशिस्त
मी कुत्र्यांना ट्रेनिंग देतो. माझं मत थोडं वेगळं. जुलाब लागले की २४ तास पूर्ण उपाशी ठेवायचं, आतडं रिकामं होऊ द्यायचं. जंगलातलं जनावर आजारी पडलं की खात नाही. बारा तास कमी पडतात.

उचगावची_अनघा
श्वानशिस्त, मोठ्या कुत्र्याचं एक वेळ सोडा, पण हे वाचून कुणी पिल्लाला २४ तास उपाशी ठेवू नये म्हणून लगेच लिहिते. आम्ही काही जण रस्त्यावरच्या पिल्लांचं बघतो. उपाशी पिल्लाच्या रक्तातली साखर काही तासांत उतरते, ते थंड पडतं, थरथरतं, झटके येतात. पिल्लाला उपास नाही. आणि पिल्लाला उलटी-जुलाब दोन्ही असतील तर घरी थांबणंही नाही.

पार्वोचं पिल्लू मी हातात धरलंय. आधी ते आईचं प्यायचं सोडतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. मग फेसाळ उलटी, मग लालसर पाण्यासारखी शी. तिचा कुजका, गोडसर वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. दाराशी पिशवीत पिल्लू घेऊन कुणी आलं तरी वासावरून समजतं. टोपलीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतो, पायाला सुई लावून सलाईन थेंब थेंब चालू. त्या पायाला चिकटपट्टी केवढी मोठी दिसते! चारपाच दिवस काढले की बरीचशी वाचतात, पण उपचार पहिल्या दिवशी सुरू झाले तर. तिसऱ्या दिवशी आणलेली फार कमी वाचतात.

लसीचा पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचं असताना, मग दर तीनचार आठवड्यांनी पुढचा, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. एक डोस दिला म्हणजे झालं असं समजून लोक पिल्लाला रंकाळ्यावर फिरायला नेतात. कृपा करून नेऊ नका. हा विषाणू मातीत महिनोन् महिने जगतो.

पशुवैद्य_आजरा
अनघाताईंनी लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. श्वानशिस्त, जुलाब असताना सौम्य अन्न लवकर सुरू केलं तर आतड्याचं अस्तर लवकर भरून येतं. त्यामुळे नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर उपासाची गरजच नसते. उलटी असेल तरच जठराला थोडी विश्रांती.

श्वानशिस्त
पटलं. यापुढे माझ्या क्लासच्या लोकांना असंच सांगेन.

ऊसवाला_शिरोळ
शेतावरच्या कुत्र्यांचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्याकडं पोट बिघडलं म्हणजे आधी विषाची शंका. फडात उंदरांसाठी गोळ्या टाकलेल्या असतात, फवारणीची डबडी बांधावर पडलेली असतात. उलटी-जुलाबाबरोबर तोंडातून लाळेची धार, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या की ते कीटकनाशक. तिथं मिनिटामिनिटाला किंमत असते. उंदराच्या काही औषधांनी पहिले तीनचार दिवस काहीच दिसत नाही आणि मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. म्हणून खाताना दिसलं की लक्षणं यायची वाट बघायची नाही. आणि औषधाचं पाकीट किंवा डबडं जसंच्या तसं पिशवीत घालून डॉक्टरकडं न्यायचं. त्यावरच्या नावावरून उतारा ठरतो.

मिठाचं पाणी पाजून ओकायला लावतात, ते अजिबात करू नका. आमच्या वाडीतलं एक कुत्रं विषानं नव्हे, पाजलेल्या मिठानं गेलं, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

गावात जनावरांसाठी १९६२ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, फिरत्या दवाखान्यासाठी. मुख्यतः गाई-म्हशींसाठी, पण नंबर घरात लिहून ठेवा.

शाहूपुरीकर
शिरोळचं नाव आलं आणि २०१९ चा पूर आठवला. आमच्या कुंभार गल्लीतही पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कुत्र्यांमध्ये उलट्या, ताप, डोळे पिवळे असं पाहिल्याचं बरेच जण सांगत होते. २०२१ च्या पुरानंतर आमच्या डॉक्टरांनी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आधी विचारली. हा आजार उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो आणि माणसालाही होतो. पावसाळ्यात कुत्र्याला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. पिवळे डोळे दिसले तर त्याची लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला.

पशुवैद्य_आजरा
आणि लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते.

मंगळवार_पेठ_मित्र
विसर्जनाच्या मिरवणुकीचं कुणी काढलंच नाही! डॉल्बी गल्लीत शिरला की आमच्या बंड्याला जुलाब. खाणं तेच, पाणी तेच. शेंबडासारखी चिकट, थोडी थोडी, सारखी शी. दुसऱ्या दिवशी गल्ली शांत, पोटही शांत.

पशुवैद्य_आजरा
ताणानं मोठं आतडं बिघडतं, अगदी असंच. थोडी थोडी, जोर करून, आव पडलेली, कधी ताज्या लाल रक्ताचा एखादा ठिपका असलेली शी. कुत्रा हुशार असेल आणि दिवसभरात सुधारणा असेल तर घाबरायचं नाही. रक्त भरपूर असेल, किंवा शी काळी डांबरासारखी असेल, तर उशीर नको. काळी म्हणजे रक्त वरच्या भागातलं, पचून आलेलं.

बंड्याला त्या रात्री आतल्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, कुणी तरी जवळ बसून ठेवा. आणि आधीच डॉक्टरांना भेटा, भीती कमी करणारी औषधं असतात.

मंगळवार_पेठ_मित्र
यंदा मीच त्याच्याजवळ बसणार. मिरवणूक पोरं बघतील.

रुईकर_कॉलनी_जर्मन
एक गोष्ट राहिली. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांची. आमच्या शेजारच्यांचा जर्मन शेफर्ड जेवून लगेच अंगणात उड्या मारत होता. तासाभरात अस्वस्थ. ओकायला करतोय, पोट आतून ढवळतंय, पण लाळेशिवाय काही पडत नाही. बरगडीमागे पोट ढोलकीसारखं ताठ. ते म्हणत होते गॅस झालाय, ओवा देऊ. सुदैवानं त्यांच्या मुलीनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. जठरात हवा भरून त्याला पीळ पडला होता. रात्रीच ऑपरेशन झालं म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर काही उरलं नसतं.

उलटी होतेय त्यापेक्षा, उलटी यायला करतेय आणि येत नाही, हे जास्त भयंकर. आणि रात्री कुठला डॉक्टर फोन उचलतो ते आजच, कुत्रा धडधाकट असताना, विचारून नंबर फ्रिजवर लावा.

फुलेवाडी_बिट्टू
खर्चाचं कुणी बोलत नाही. खाजगीत रक्त तपासणी, सोनोग्राफी, सलाईन धरलं की आमच्यासारख्यांचं बजेट कोलमडतं. म्हणून लोक थांबतात. प्रेम नसतं म्हणून नाही.

उचगावची_अनघा
बिट्टू, अगदी खरं. आमची निम्मी पिल्लं सरकारी दवाखान्यात बरी झाली आहेत. तिथे औषधांची चणचण असते, पण तपासणी नीट होते. आणि लवकर गेलं तर एका इंजेक्शनात भागतं, उशिरा गेलं तर तीच फी चारपाच दिवसांच्या सलाईनची होते. जाताना शीचा मोबाइलवर फोटो काढून न्या, झाकणाच्या डबीत ताजा नमुना न्या, लसीचं कार्ड न्या. कधीपासून, किती वेळा, काय खाल्लं, कुठली गोळी दिली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा अंदाजानं उपचार करण्यातला वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

सुभान्याचा_बाबा
सगळ्यांना कळवतो. काल संध्याकाळपासून उलटी नाही. रात्री मूठभर भात-चिकन टिकलं, आज सकाळी शी मऊ पण घडण असलेली. आत्ता चप्पल पळवून अंगणात फिरतोय. लघवीचा रंग नेहमीचाच आहे, तरी आठवडाभर बघणार. बाबांनी गेटवर पाटी लावायचं ठरवलंय, 'पाहुण्यांनी कुत्र्याला जेवू घालू नये'.

पेठकर_भावा
पाटीखाली लिवा, मान पाहुण्यांचा, वाटी सुभान्याची वेगळी.

राणीची_आई
हा धागा शांतपणे वाचत होते. आमची राणी, गावठी, ८ वर्षांची, कधी पिल्लं झालेली नाहीत. महिनाभरापूर्वी माजावर येऊन गेली. चार दिवस झाले, खाणं कमी, दोनदा उलटी झाली, शी थोडी पातळ. पाणी मात्र भांडंच्या भांडं रिकामं करते आणि रात्री घरात लघवी होते, जे कधी व्हायचं नाही. हिरड्या गुलाबी आहेत, ताप नाही. भात-चिकन सुरू केलंय. आणखी एक दिवस बघू का?

पशुवैद्य_आजरा
ताई, बघू नका. आज, आत्ता न्या. वाढलेलं वय, नसबंदी न झालेली मादी, माजानंतर एक ते दोन महिन्यांचा काळ, भरपूर पाणी आणि उलटी, एवढं एकत्र आलं की गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यायची. बाहेरून स्राव दिसला नाही तरी शक्यता संपत नाही, उलट गर्भाशयाचं तोंड बंद असलेला प्रकार जास्त धोक्याचा. ताप नसला तरीही. सोनोग्राफी आणि रक्त तपासणी करायला सांगा. वाटेत खायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

राणीची_आई
निघालो.

उचगावची_अनघा
ताई, काही मदत लागली तर इथे लिहा. गाडीची सोय करता येईल.

राणीची_आई
गर्भाशयात पूच होता. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ट्रेमध्ये काढलेलं गर्भाशय दाखवलं, मनगटाएवढं जाड झालं होतं. आतून फुटायच्या बेतात होतं म्हणाले. राणी शुद्धीवर आली, माझा हात चाटला. आज रात्र तिथेच ठेवणार आहेत. आजऱ्याच्या डॉक्टर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

पशुवैद्य_आजरा
उपकार कसले, तुम्ही लगेच निघालात. घरी आणल्यावर टाके चाटू देऊ नका, गळ्यात कॉलर ठेवा. अँटिबायोटिक पूर्ण संपवा, मध्ये सोडू नका. त्या गोळ्यांनी पोट थोडं ढिलं पडलं तर अन्नाबरोबर द्या आणि डॉक्टरांना कळवा. खाणं चारपाच वेळा थोडं थोडं.

राणीची_आई
हो. आमच्याकडे धाकटी चिमी आहे, ३ वर्षांची. तिची नसबंदी करून घ्यायची ठरवलंय. तीही गेल्या पंधरवड्यात माजावर होती. लगेच करता येईल का?

पशुवैद्य_आजरा
लगेच नको. माजाच्या दिवसांत आणि त्यानंतर काही काळ गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. साधारण दोनतीन महिने जाऊ द्या, मग रक्त तपासून तारीख घ्या. तोवर तिच्या पाण्याच्या भांड्यावर लक्ष असू द्या.